किमान वजन

माया मागं बसली तरी स्कूटर हललीच नाही. कुणी मागं बसणार असलं की माणूस एक पाय जमिनीवर रोवतो, हँडल घट्ट धरतो. गाडी दबेल, एका अंगाला कलेल, ती सावरायची म्हणून मनगटं आपोआप कडक होतात. करुणाची झाली होती. शाळेच्या फाटकापुढून, दौंड स्टेशनाकडच्या रिक्षा हॉर्न मारत कडेनं निघून चालल्या होत्या आणि ती तशीच मनगटं कडक करून थांबून राहिली होती. शेवटी वैतागून म्हणाली, "बस की गं लवकर." मागून आवाज आला, "कवाच बसले, मॅडम." तिनं आरशात पाहिलं. खरंच, माया बसली होती. दोन वेण्या, इंग्रजी शाळेनं दिलेलं निळं जाकीट, त्याच्या बाह्यांतून बाहेर आलेली बोटांची टोकं. करुणानं गाडी सुरू केली. पण अंधारात जिन्याच्या पायऱ्या संपलेल्या असाव्यात आणि पाय आणखी एक पायरी चढायला उचलावा, तसं काहीतरी तिच्या अंगात झालं होतं, आणि कुरकुंभ मोरी मागं पडली तरी ते गेलं नाही. सर्व्हिसिंगवाल्यानं शॉकअप कडक केले असतील, असं तिनं स्वतःला सांगून पाहिलं. दिवाळीच्या आधी मायाला ती अशीच सरावाला सोडायला गेली होती, तेव्हा गाडी चांगली दबली होती. खड्डा आला की माया "आई गं" करून तिची कंबर धरायची आणि त्या हातांना वजन होतं. आज मायानं मागची दांडी धरली होती. खड्डे आज पण तेवढेच होते, पण मागून आवाज येत नव्हता.

वल्हवण्याची ही स्पर्धा शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांतल्या शाळांची. दोन्ही तालुक्यांच्या मधून भीमा जाते, तिच्यावर बंधारा आहे, आणि बंधाऱ्याच्या फुगवट्यात हिवाळाभर पाणी तुंबून असतं. पुण्यानं धुऊन टाकलेलं सगळं त्यात येतं, त्याचा वास येतो, जलपर्णी येते. मग स्पर्धेच्या आधी पोकलेन लावून जलपर्णी काढतात आणि त्याच काठावर मांडव घालतात. बोटी बड्या शाळांच्या. करुणाच्या नगरपालिकेच्या शाळेत लेझमी होत्या, दोरउड्यांच्या दोऱ्या होत्या आणि एक फुटबॉल होता, तोही हवा धरत नव्हता. तिथं ती खेळाची शिक्षिका होती. स्पर्धेच्या फलकावर दरवर्षी ‘सर्व शाळांसाठी खुली’ असं लिहीत, आणि ज्या पोराकडं बोट नाही त्यानं त्या खुल्या दारातून आत येऊन नेमकं करायचं काय, हे कुणी सांगत नसे. दोन वर्षांपूर्वी शिरूरच्या बैठकीत करुणा उभी राहिली होती.  तिनं मागणी केली, की प्रत्येक बोटीत एक तरी मूल जिल्हा परिषदेच्या, नगरपालिकेच्या शाळेचं नाहीतर आश्रमशाळेचं असलंच पाहिजे, त्याशिवाय बोट सुटू द्यायची नाही. तिला वाटलं होतं आता रण माजेल. काहीच माजलं नाही. स्पर्धा भरवणाऱ्या संघाचे अध्यक्ष आणि इंग्रजी शाळेचे मालक हौसराव म्हणाले, "बाईंचं बरोबर हाय. लिवा." आणि लिहिलं गेलं. एवढ्या सहज काही मिळालं की आपण कशाचा तरी हिशोब चुकलो असं वाटायला पाहिजे होतं. तिला तेव्हा वाटलं नाही, तिनं येताना पेढे घेतले.

महामार्गावर उसाच्या ट्रॉल्या होत्या. एकेका ट्रॅक्टरच्या मागं दोन-दोन, गाणी लावलेल्या, डोलत चाललेल्या, आणि त्यांना ओलांडायचं म्हणजे जीव मुठीत धरून. अशा वेळी मागचा माणूस थोडा पुढं सरकतो, गाडी त्याच्याबरोबर वळते. करुणाला वळताना आपण एकट्याच आहोत असं वाटत होतं. तिनं दोनदा आरशात पाहिलं. चौफुल्याला उजवीकडं वळून केडगाव मागं टाकलं आणि गुऱ्हाळं सुरू झाली. रस्त्याच्या दोन्ही अंगांना चिपाडांचे ढीग, धुराडी, आणि उकळत्या रसाचा तो दाट, गोड, घशात चिकटणारा वास. लहानपणी या वासानं तिला दिवसभर भूक लागायची. आई भागुबाई एका गुऱ्हाळावर चिपाडं वाळत घालायला जाई आणि येताना कढईची खरवड आणी. तिनं सवयीनं मागं मान करून विचारलं, "काकवी घेऊ या का गं येताना?" आरशात मायानं जाकिटाची कॉलर नाकावर ओढून घेतली होती आणि डोळे गच्च मिटले होते. "मॅडम," ती कॉलरीच्या आतून म्हणाली, "इथनं जरा जोरात घ्या की." करुणानं जोरात घेतली. 

"सकाळी काय खाल्लंस?" तिनं विचारलं. "खाल्लं की." "काय?" "पाणी पिले." आणि मग लगेच, जणू करुणाचीच समजूत काढावी तसं, "रात्री काकडी खाल्ली व्हती, मॅडम. सर म्हणले, शर्यत झाल्यावर काय पन खा."

बोटीत चार जण वल्ही मारतात आणि पाचवा कॉक्स असतो. वल्ही मारणारे पाठीकडं चाललेले असतात, त्यांना मागं राहिलेलं पाणीच फक्त दिसतं. कॉक्स त्यांच्याकडं तोंड करून शेपटाला बसतो, दोरीनं सुकाणू फिरवतो, ओरडून ताल देतो, आणि बोट कुठं चाललीय हे त्या बोटीत त्याला एकट्यालाच दिसतं. पहिल्या वर्षी सगळ्या शाळांनी सरकारी शाळेच्या मुलाला ही कॉक्सची जागा दिली, तेव्हा करुणाला आनंदच झाला होता. वल्हं दिलं नाही हे थोडं लागलं, पण ती शिक्षकांच्या खोलीत म्हणाली होती, "बघा, पुढचं दिसतं ते आपल्याच पोराला." हे वाक्य तिला इतकं आवडलं होतं की घरी जाऊन तिनं ते आईलाही ऐकवलं. भागुबाई तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "दिसतंय तर दिसू दे. पर बोलू देत्यात का त्याला?" करुणाला तेव्हा आईचा रागच आला होता. आई कुठल्याही गोष्टीत खोट काढते असं तिला वाटलं. नंतर सराव बघायला गेली तेव्हा तिला कळलं की मायाच्या बोटीत ताल हौसरावांचा नातू सत्यजीत देतो, वल्हं मारता मारता, आणि माया नुसती दोरी धरून बसते. त्या बोटीचे प्रशिक्षक सतीश सर म्हणाले, तिचा आवाज पोचत नाही. मायाचा आवाज शाळेच्या मैदानावर या टोकाचा त्या टोकाला पोचायचा.

आता पूल दिसायला लागला होता आणि करुणाच्या डोक्यात एक पिशवी येऊन बसली होती. जुन्या रेनकोटाच्या कापडाची, तोंडाशी सुतळीनं बांधलेली. पुण्याला कॉलेजात असताना ती स्वतः कॉक्स होती. कॉक्सला किमान वजन असतं. त्याच्या खाली भरलं तर जितकं कमी तितकी वाळू पिशवीत भरून कॉक्सच्या पायाशी ठेवायची, म्हणजे हलक्या कॉक्सचा कुणाला फायदा नको. नियम म्हणून त्यात काही वाईट नव्हतं. पण दर स्पर्धेला सगळ्यांच्या समोर तिला काट्यावर उभं करत आणि माईकवरून सांगत, ‘अधिक चार किलो वाळू’, आणि पोरं हसत. एकानं पिशवीवर मार्करनं लिहिलं होतं, ‘करुणाचं जेवण’. ती पण हसली होती. हसण्यावाचून त्या वयात दुसरं काय करतात. तिचे वडील चांगदेव त्या वेळी घोड नदीच्या पात्रात ठेकेदाराच्या ट्रकमध्ये वाळूच्या पाट्या टाकत होते. घरी आले की कानात, पापण्यांत वाळू असायची, आणि भाकरीत कचकन लागायची. तिनं त्यांना पिशवीचं कधी सांगितलं नाही. बोटीत बसून ती पायांच्या मधल्या त्या पिशवीकडं बघायची आणि तिला वाटायचं, आपण कमी आहोत, आणि किती कमी आहोत ते किलोत मोजून आपल्याच पायाशी ठेवलंय.

म्हणून त्याच बैठकीत, पेढ्यांच्या आनंदाआधी, तिनं आणखी एक गोष्ट केली होती. मसुद्यात कॉक्सच्या किमान वजनाची आणि वाळूच्या पिशवीची ओळ होती, ती तिनं काढायला लावली. आमची मुलं मुळात अंगानं कमी, म्हणाली, त्यांना चारचौघांत काट्यावर चढवायचं आणि वाळू द्यायची, हे मला मान्य नाही.   हौसराव म्हणाले, "खरं हाय. लेकराला वाळूसंगं मोजायचं म्हंजी बरं दिसत न्हाई." सतीश सरांनीसुद्धा मान डोलावली होती. त्या दिवशी त्या खोलीत कुणाच्या मनात काळंबेरं नव्हतं, हे करुणा आजही शपथेवर सांगेल. आणि म्हणूनच आता, पुलावरून उतरताना, मागच्या सीटवरचं ते काहीच नसणं तिला आपल्या पाठीच्या कण्यातून वर चढताना जाणवलं.

मांडवात माईकवर ‘हॅलो, हॅलो’ चाललं होतं. बोटी काठाला लावल्या होत्या. माया उतरली तसा एक उंच मुलगा लांबूनच ओरडला, "ए कोटा, चपला काढून ये!" त्याच्या आवाजात काही वाकडं नव्हतं. घरातल्या धाकट्या भावंडाला हाक मारावी तशी त्यानं मारली आणि माया "आले, आले" करत पळाली. करुणा तिथंच उभी राहिली. तिला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. मग दुसऱ्यानं विचारलं, "कोटा, आज दोरी नीट धरशील ना?" आणि मायानं हसून मान हलवली. तिला ते नाव सवयीचं झालं होतं. नोकरीत लागल्यावर एक सहकारी शिक्षिका करुणाला चहा देताना गोड हसून ‘तुमचं काय बाई, सरकारचे जावई’ म्हणाली होती, तो चहा तिनं सगळा प्यायला होता. काही गोष्टी माणूस पिऊनच टाकतो.

सतीश सर बोटीचा नट आवळत होते. मूळचे कोरेगाव भीमाचे, फौजेत असताना वल्ही मारलेले, निवृत्त होऊन हौसरावांच्या शाळेत लागलेले. "जयभीम, मॅडम," ते हळूच म्हणाले. मोठ्यानं नमस्कार आणि हळूच जयभीम, अशी त्यांची पद्धत होती, आणि करुणाला तिचा कधी राग आला नव्हता, कारण तिचीही कितीतरी वर्षं तशीच गेली होती. तिनं विचारलं, "मायाला तुम्ही उपाशी ठेवलंय?"

"उपाशी कशाला? डाएट दिलंय."

"पाणी पिऊन आलीय ती. ते डाएट?"

सरांनी पाना खाली ठेवला. त्यांचा चेहरा खरोखर दुखावल्यासारखा झाला. "मॅडम, तुमी सवता कॉक्स व्हता. तुमाला काय सांगायचं? कॉक्स म्हंजी वल्हं न मारनारं वझं. ते जितकं कमी तितकी बोट पळती. हे मी न्हाई ठरवलं, पाण्यानं ठरवलंय. पयलं किमान वजन असायचं, म्हंजी खाली जाऊन कुनाला काय मिळत नव्हतं. आता खालची हदच न्हाई. मंग सगळ्या शाळा सगळ्यात हलकं पोरगं हुडकनार. मी न्हाई हुडकलं तर पलीकडचा हुडकतोय." त्यांनी बोटीकडं हात केला. "बघा की."

करुणानं पाहिलं. पाच बोटी होत्या. चांगली वाढलेली, दंड भरलेली मुलं वल्ही घेऊन उभी होती, आणि प्रत्येक बोटीच्या शेपटाशी एकेक चिमणं मूल, मोठ्या जाकिटात बुडालेलं, दोरी हातात धरून बसलं होतं. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं, कुणाची तरी धाकटी भावंडं फिरायला घेतलीत. पाचही मुलं तिच्या नियमानं आली होती. दोन वर्षं ती ज्यांच्यासाठी भांडली ती सगळी एका नजरेत मावत होती, आणि त्यांच्यातल्या एकाच्याही मानेची शीर झाकलेली नव्हती.

"आपली पोरं बोटीत बसत्यात, मॅडम," सतीश सर म्हणाले, आणि या वेळी त्यांचा आवाज खरोखर मऊ होता. "माझ्या वक्ताला काठावर बी उभं राहू देत नव्हते. हिला क्रीडागुण मिळनार, हौसराव आप्पांनी अकरावीला होस्टेल देतो म्हणून शब्द दिलाय. मी तिचं वाईट करीन का?"

करुणाला त्यांच्यावर ओरडायचं होतं, पण ओरडावं असं त्यांच्यात काही सापडेना. ती मांडवाकडं चालायला लागली. आपण काय करणार आहोत हे तिला ठाऊक नव्हतं. पाय मात्र ठरवून चालले होते. हौसराव पाहुण्यांना फेटे बांधून घेत होते. तिनं सरळ सांगितलं, की कॉक्सची वजनं करा, किमान वजन पुन्हा लावा, नाहीतर ही मुलं बोटीत घालू नका. हौसरावांनी तिला बाजूला घेतलं. "बाई, बसा. पानी प्या. नियम तुमी काडला का आमी? तुमी म्हनला म्हणून वाळू काडली. आता पाहुनं आल्यावर वाळू कुठनं आनू? पुढल्या साली बघू की." वाळू कुठनं आणू, असं भीमेच्या काठावर बसून हौसराव म्हणाले आणि त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. करुणा म्हणाली, "मग काटा आणा. स्पर्धेच्या सुरक्षेची जबाबदारी संघानं माझ्यावर टाकलीय. एखादं मूल पाण्यात जायला लायक नाही असं मला वाटलं तर मी त्याला थांबवू शकते." आवाज वाढला होता. पाहुणे बघायला लागले. शेजारच्या वखारीतून कांद्याचा काटा आला, दोघांनी धरून, मांडवाच्या मधोमध ठेवला गेला. आणि तो ठेवल्यावर तिच्या ध्यानात आलं की आपण काय मागवलंय.

"माया, ये इकडं."

माया आली. काट्यावर कांद्याची पातळ लाल टरफलं चिकटली होती, ती तिनं पायानं बाजूला सारली आणि चढली. माईकवाला गप्प झाला होता. वल्ही घेतलेली मुलं बघत होती, पाहुणे फेट्यांखालून बघत होते, आणि माया फक्त करुणाकडं बघत होती. त्या नजरेत विनवणी असती तर करुणाला सोसलं असतं. त्यात ओळखच नव्हती. वखारीच्या माणसानं वाकून आकडा वाचला आणि कांद्याची पोती मोजताना सांगतात तसा मोठ्यानं सांगितला, "एकोनतीस!" मागं कुणीतरी फिसकन हसलं. दहावीतली मुलगी.  करुणा म्हणाली, "ही मुलगी बोटीत बसणार नाही."

"माझंच का?" माया काट्यावरूनच म्हणाली. आता तिचा आवाज पोचत होता, अगदी पाण्यापर्यंत पोचत होता. "त्यांची पन करा की वजनं! चार बोटीत चार बसल्यात, त्येंना का न्हाई काडत? मी तुमच्या शाळंची हाय म्हणून?"

"तुझ्या भल्यासाठी—"

"माझं भलं माझ्या आईला न्हाई जमलं. तुमाला जमनार हाय व्हय?" ती उतरली. उतरताना तिचा तोल गेला, आणि सतीश सरांनी तिला एका हातानं अलगद सावरलं. "मी दोन म्हैनं काय खाल्लं न्हाई मॅडम," ती म्हणाली, आता हळू, कुणाला ऐकू जाऊ नये अशी. "दोन म्हैनं. ते आता कुठं नेऊ?"

 करुणाच्या मनाच्या तळाशी, लाज वाटावी असा, एक समाधानाचा थेंब पडला होता: माझ्या नियमाप्रमाणं सरकारी शाळेचं मूल नसेल तर बोट सुटणार नाही. यांची बोट आता काठावर राहील. जिंकणारीच बोट काठावर राहिली की पुढच्या वर्षी हौसराव स्वतः वाळू मोजून देतील. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिच्या हातात काहीतरी होतं, आणि ते तिनं वापरलं होतं. तिनं पाण्याचा घोट घेतला. सतीश सर मायाच्या अंगातलं निळं जाकीट काढून घेत होते. माया मुकाट हात वर करून उभी होती, आतला शाळेचा धुवट शर्ट फासळ्यांना चिकटला होता. सर जाकीट घेऊन मांडवाच्या मागं गेले आणि परत आले तेव्हा त्यांच्याबरोबर प्रज्ञा होती.

प्रज्ञाला करुणा ओळखत होती. तिच्याच शाळेतली, सातवीतली, मायाच्याच वस्तीवरची, कवायतीत कायम पहिल्या ओळीत उभी राहणारी, कारण सगळ्यांत बुटकी. ती सरावाला येते हे करुणाला ठाऊक नव्हतं. जाकीट तिच्या गुडघ्यापर्यंत येत होतं. राखीव खेळाडू असतोच, प्रत्येक संघात असतो, नियमातच आहे. "हिचं पण—" करुणा म्हणाली आणि वळली, तर काट्याची जागा मोकळी होती. वखारीत गाडी लागली म्हणून माणसं तो उचलून घेऊन गेली होती. "बाई, आता पुरं," हौसराव म्हणाले, रागानं नाही, दमलेल्या माणसासारखे. प्रज्ञा बोटीत चढली. बोट जराही हलली नाही. ती आपल्या बाईंना बघून हसली, आणि दोरी हातात घेतली.

करुणा ओरडली असेल, नसेल. माईक पुन्हा सुरू झाला होता आणि स्पर्धा सर्वसमावेशक कशी झाली ते सांगत होता. पाच बोटी रांगेनं सुटायच्या जागेकडं निघाल्या. वल्ही पाण्यात पडत होती, वर येत होती, पाठमोरी मुलं वाकत होती, सरळ होत होती, आणि ते सगळं इतकं सुंदर दिसत होतं की तिला त्याचा संताप आला. एकेकाळी तिचा याच्यावर जीव होता. पहाटेच्या पाण्यावर चार वल्ही एकदम बुडाली की जो एकच आवाज होतो, त्याच्यासाठी तिनं ती पिशवी, तो मार्कर, ते हसणं सगळं सोसलं होतं. तो आवाज इतरांच्या पोरांनाही मिळावा एवढंच तिला हवं होतं. यात पाप काय होतं, ते तिला शोधूनही सापडत नव्हतं. तसं ते सापडलं असतं तर बरं झालं असतं.

टेबलावर खेळाडूंसाठी केळी ठेवली होती. एक फणी उचलून ती काठाकडं गेली. माया एका दगडावर बसली होती, पाय पाण्याच्या वर, जलपर्णीच्या कुजक्या ढिगाला पाठ करून. करुणा शेजारी बसली. तिनं केळं सोललं आणि पुढं केलं. माया घेणार नाही असं तिला वाटलं होतं. मायानं घेतलं. दोन घासांत संपवलं. दुसरं घेतलं, ते सोलण्याइतका धीरही तिला नव्हता, दातांनीच साल काढली. करुणा म्हणाली, "सावकाश खा गं, पोटात दुखेल."

"खाऊ द्या की. आता कुनाला काय करायचंय."

बोटी सुटल्या. काठावर आरडाओरडा उठला. निळी बोट सुरुवातीपासूनच पुढं होती. सत्यजीतचा ताल लांबून ऐकू येत होता, आणि शेपटाला फक्त एक जाकीट दिसत होतं, त्यात डोकं आहे की नाही ते या काठावरून कळत नव्हतं. माया खाता खाता तिकडं बघत होती. तिचे ओठ मधूनच हलत होते. "दोरी लई ओढायलीय ती," ती म्हणाली. "भ्यालीय. शिकंल." गालात केळं होतं, तोंडाच्या कडेनं थोडं बाहेर आलं होतं, ते तिनं मनगटानं पुसलं. करुणाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तिनं ते वाहू दिलं. मायानं तिच्याकडं पाहिलं, बऱ्याच वेळानं, आणि सकाळपासून पहिल्यांदा तिचा चेहरा थोडा सैल झाला. तिला बाईंची कीव आली असावी.

"तिची काळजी करू नका, मॅडम," ती म्हणाली. "पयलं चार-पाच दिस नुसती कळ येती पोटात. मंग भूकच लागत न्हाई. मी सांगितलंय तिला समदं." आणि तिनं पुढच्या केळ्यासाठी हात पसरला.